वळणावरचं वाजणारं झाकण

थांबा जरा! इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा, खाली. तुमच्या चपलेखालून बोलतोय मी, गटाराचं झाकण. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे. पण माझ्या खालून जे वाहतं ते तुमच्याच घरांतून आलेलं असतं, एवढं लक्षात असू द्या म्हणजे झालं.

माझा जन्म ओतशाळेतला. मोडके पंप, गंजलेली वजनं, शिलाई मशीनचे तुटके पाय असं काय काय भट्टीत वितळलं आणि वाळूच्या साच्यातून मी बाहेर आलो. ओतारी म्हणाला, "घ्या, आणखी एक बाळ झालं. वजनदार आहे हो!" सगळे हसले. तेवढंच काय ते माझं बारसं.

मला या गल्लीत बसवलं तो मिस्त्री भलताच घाईत होता. चौकट एका अंगाला उतरती राहिली. "बसेल आपोआप," असं म्हणून तो जो गेला तो गेलाच. मी कसला बसतोय! कुणी पाय ठेवला की मी डुलायचो आणि 'खडक' करून वाजायचो. पोरं मुद्दाम माझ्यावर उड्या मारायची. सकाळी प्रत्येक घरचा झाडू आपापल्या दारातला कचरा माझ्यापर्यंत लोटून आणायचा आणि मागे फिरायचा. दार स्वच्छ झालं, पुढचं बघायला झाकण आहेच!

आमची गल्ली सरळ जाऊन हमरस्त्याला भिडते. त्याच्या जरा अलीकडे डाव्या हाताला बाजाराचा बोळ फुटतो. मी नेमका त्या वळणावर आहे. त्या बोळात घड्याळकाकांचं दुकान. जन्मभर बारीक काट्यांत डोळे घातले आणि उतारवयात ते डोळेच गेले. आता दुरुस्ती मुलगी करते. काका शेजारी बसून घड्याळ कानाला लावतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि मुलीला नको तेवढे सल्ले देतात. पण दुकानात जायचं ते एकट्यानं, यावर ते ठाम होते.

त्यांचं घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. दार उघडं असलं की आतलं सगळं ऐकू येतं. एकदा काकू म्हणाल्या, "अहो, लेकीचा हात धरून गेलात तर काय कमीपणा येईल का?"

"माझा रस्ता मला पाठ आहे गं."

"बरं. पण ज्या दिवशी चुकाल, त्या दिवसापासून एकट्यानं बाहेर पडायचं नाही. कबूल?"

"कबूल!" काका हसत म्हणाले.

काकांचा रस्ता म्हणजे मी होतो. भिंतीच्या कडेनं काठी टेकत यायचे, माझ्यावर पाय ठेवायचे, मी 'खडक' म्हणायचो आणि ते डावीकडे वळायचे. कधी कधी वळताना पुटपुटायचे, "शाबास." साऱ्या गल्लीला माझ्या आवाजाचा वैताग, आणि हा एक माणूस मला शाबासकी देतो! सांगायला लाज कसली, मी त्या पावलाची वाट बघायचो.

मग एका सुट्टीच्या दिवशी गल्लीला एकदम जाग आली. शाळेतल्या बाईंनी पुढाकार घेतला. घराघरातून माणसं बाहेर पडली. तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, कोपऱ्यावरचा उकिरडा उचलला, ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे ठेवले. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. आपल्या दाराच्या पलीकडेही आपलंच काहीतरी असतं, हे माणसांना उमगलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

माझ्या समोरच्या खिडकीतून बाळाची आई म्हणाली, "बाई, त्या झाकणाचंही काहीतरी करा ना. मरमर करून बाळाला झोपवते आणि तेवढ्यात ते खडकतं!"

तिचंही बरोबरच होतं. पंक्चरवाल्यानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या. मला उचललं, चौकटीत रबर बसवलं आणि पुन्हा ठेवलं. पोरांनी उड्या मारून पाहिलं. आवाज नाही! टाळ्या पडल्या. मीही खुळा, खूश झालो. काका त्या दिवशी घरातच रेडिओ ऐकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. माझ्यावर पाय ठेवला. मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं, पण रबरानं माझा गळाच धरला होता. काका क्षणभर थबकले. झाकण अजून पुढं असेल, असं त्यांना वाटलं असणार. ते सरळ चालू लागले. अहो काका, मागं फिरा! कसं ओरडू? कुणाला सांगू?

हमरस्त्यावर ब्रेक किंचाळला. ट्रकचा ड्रायव्हर खाली उडी मारून गरजला, "मरायचंय का म्हाताऱ्या?" मग त्याला काठी दिसली आणि त्याचा आवाजच बसला. "काका... लागलं नाही ना? चला, घरी सोडतो." काकांना खरचटलंही नव्हतं. नुसता हातातला जेवणाचा डबा रस्त्यावर सांडला होता. पण ते ड्रायव्हरच्या खांद्याचा आधार घेत घरी परतले.

काकूंनी काकांच्या हातातली काठी काढून घेतली आणि दाराआड ठेवली. काकांनीही ती मागितली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ते पाऊल माझ्यावर पडलं नाही.

मग बाई आणि बाळाची आई त्यांना भेटायला गेल्या. "काका, इतक्या वर्षांचा रस्ता. कसे हो चुकलात?"

"झाकण वाजलं नाही," काका म्हणाले. "ते वाजलं की वळायचं. उचलून नेलं का कुणी त्याला?"

मग बाळाची आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "मीच बंद करायला लावलं, काका. आत्ताच्या आत्ता रबर काढायला सांगते. बाळाचं काय, होईल सवय."

"मुळीच नाही!" काका एकदम कडाडले. "लेकराची झोप मोडून मला रस्ता नको."

सगळी गल्ली जमली. शेवटी ठरलं की वळणावर उभ्या रेघांच्या खरबरीत लाद्या बसवायच्या, पायाला कळतील अशा. गवंड्यानं टिकाव मारला मात्र, नगरपालिकेचा मुकादम धावत आला. "न विचारता खणताय? रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"नाही," बाळाची आई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "आमच्या पोरांचा आहे. चुकलंच, आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो."

मुकादमानं सगळं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. फूटपाथाच्या उरलेल्या तसल्याच लाद्या साहेबांना विचारून त्यानंच हातगाडीवरून आणून दिल्या.

लाद्या बसल्या, पण काठी दाराआडच होती. बाईंनी समजावलं, मुलीनं विनवलं. काकू ढिम्म. "त्यांना कळेल कशावरून?" एवढंच म्हणायच्या.

एका दुपारी त्या स्वतःच काकांना घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "मी डोळे मिटते. तुम्ही मला न्या."

काकांनी त्यांचा हात धरला. दोघं भिंतीच्या कडेनं निघाली. काकूंचं पाऊल भीत भीत पडत होतं, तोंडानं "हळू हो, हळू" चाललं होतं. माझ्यावर पाय पडला. मी गप्प. पुढच्या पावलाला लाद्या लागल्या आणि काकू आपण होऊन थांबल्या.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"इथंच. वळ."

वळल्यावर त्यांनी डोळे उघडले. समोर बाजाराचा बोळ होता. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "उद्यापासून जा. पण सावकाश."

मी आता वाजत नाही. माझी शाबासकीही गेली, थोडं वाईट वाटतं. पण तुम्हाला हात जोडून एक सांगतो, म्हणजे मला हात नाहीत, तरी जोडले समजा. रस्ता सुधारा, जरूर सुधारा. फक्त त्या रस्त्यानं कोण कसं चालतं, ते आधी दारोदार जाऊन विचारा.

दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत एकटे आले. लाद्यांवर थांबले, वळले आणि मागं तोंड करून ओरडले, "अगं, दारात उभी आहेस ना?"

"छे हो!" दारातूनच काकूंचा आवाज आला. "मी केव्हाच आत गेले!"