साहेबाचं मुसकं

मी मुसकं बोलतोय. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ते. बोलायची मला हौस नाही. जन्मभर दुसऱ्याचं तोंड बंद ठेवलं, आणि आता म्हणे तूच तोंड उघड! शाळेत मी गेलो नाही. शुद्धबिद्ध ऐकायचं असेल तर दुसरा कुणी गाठा.

जन्म शिंप्याच्या दुकानातला. बॅगेच्या उरलेल्या कॅनव्हासचे तुकडे आणि जुन्या पट्ट्याचं बक्कल, एवढंच माझं खानदान. पुढे शिंपीमास्तरांचं दुकान, मागे घर. कापायच्या टेबलाखाली त्यांचा कुत्रा पसरलेला असायचा. गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही, म्हणून त्याचं नाव साहेब. नऊ वर्षांत त्यानं कुणावर दात विचकले नव्हते. मग एक दिवस कोटाचं माप द्यायला आलेल्या बाईंनी लाडानं त्याचा गाल चोळला, आणि गडी अंगावरच गेला. हात वाचला, बाही फाटली.

मास्तरांचा मेहुणा तिथंच बसलेला. याला जगातलं सगळं कळतं. म्हणाला, "दाजी, वय झालं की डोकं फिरतं कुत्र्यांचं. माझ्या ओळखीचा गोदामवाला आहे, देऊन टाका राखणीला. साखळीला राहील."

"दादा, तूच जा राखणीला," मास्तरीणबाई आतून ओरडल्या. "नाहीतरी इथं बसूनच असतोस."

शेवटी ठरलं, रविवारपर्यंत मुसकं घालून बघायचं. सुधारला तर घरी, नाहीतर गोदाम.

मास्तरांनी टेप घेऊन साहेबाच्या तोंडाचं माप घेतलं. डावी बाजू अर्धा इंच जास्त भरली. "माणसांचाही एक खांदा खाली असतोच की," असं म्हणून त्यांनी मला डावीकडे अर्धा इंच फुगीर कापलं. चाळीस वर्षं लोकांची वेडीवाकडी अंगं झाकण्यात गेलेली. सुजलेला गालसुद्धा त्यांना झाकायचाच सुचला.

मी चढलो आणि पहिल्या श्वासालाच मला कळलं. काय तो वास! डावी दाढ सडलेली. लाळेनं मी ओलाचिंब. खाण्यापुरतं मला काढायचे, तेव्हा साहेब मान वाकडी करून एकाच बाजूनं चावायचा, पावाचा कडक तुकडा तोंडातून टाकून द्यायचा. मास्तरीणबाई म्हणायच्या, "लाडावलाय मेला!" आणि पाव दुधात कुस्करून द्यायच्या. मायाच ती. पण त्या मायेनं दुखणं आणखी लपलं. तो पायानं गाल खाजवायचा, तर म्हणे मुसकं टोचतंय. खापर माझ्यावर! बरं, दिवसदिवस मला चढवून ठेवायचे. कुत्र्याला धापा टाकायला, पाणी प्यायला तोंड मोकळं लागतं, हे यांना सांगणार कोण? दुपारी डोळा लागला की तो कण्हायचा. मी आपला बक्कलसुद्धा न वाजवता पडून राहायचो.

शनिवारी मला बांधताना तो मास्तरांवरच गुरगुरला. मास्तर मशीनवर जाऊन बसले, पण पायडलवरचे पाय हलेनात. "बोलाव तुझ्या गोदामवाल्याला," एवढंच मेहुण्याला म्हणाले.

गोदामवाल्यानं जनावरांच्या डॉक्टरचा दाखला मागितला, म्हणून रविवारी सकाळी आम्ही दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी मला काढून उलटसुलट पाहिलं. "मास्तर, हे वाकडं शिवलंय."

मास्तर भडकले. "वाकडं? चाळीस वर्षं कात्री चालवतोय मी! मापाला बरोबर आहे ते."

"मग गाल वाकडा आहे," बाई म्हणाल्या आणि साहेबाचा ओठ हळूच वर केला.

मास्तर फरशीवर साहेबाशेजारी बसले. "मीच मोजला रे तुला," साहेबाच्या कानाशी म्हणाले. "माझ्याच हातानं मोजला. चुकलो बाबा."

दाढ निघाली, गोदाम टळलं. पंधरा दिवसांनी त्या कोटवाल्या बाईंनी भीतभीत पुन्हा गाल चोळला, तर साहेबानं पोट वर केलं.

तेव्हा ऐका. शहाणा कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर आधी त्याला कुठं दुखतंय ते बघा. तोंड हुंगा, कान बघा, पाय चाचपा. माझ्यासारख्याला मागाहून बोलवा.

मी आता खुंटीला असतो. मेहुण्यानं साहेबासाठी हाड आणलं, म्हणून त्याला एक वेळ माफ करतो. पण दुकानात कुणी आलं की मास्तर मला दाखवून हसतात, "आयुष्यात एकच काम वाकडं गेलं माझं, ते बघा!" वाकडं? त्या घरात खरं तेवढं मीच सांगत होतो. साहेबाची माफी मागून झाली. माझी अजून मागायची आहे, मास्तरांनी.