भरितात टमाटा

"नाना, डाक्टरनी बोलाले सांगं ना! मंग कसाले गप?" मी विचारलं.

झुलाल नानांनी पाटीवर लिहिलं, 'काड्या ओल्या आहेत.' वांगी भाजायला आणलेल्या कपाशीच्या काड्यांबद्दल ते मत होतं. मत नेहमीचंच, फक्त मुकं.

नानांची भडगावात पिठाची चक्की. चाळीस वर्षं तिच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांनी दळणाबरोबर मतंही वाटली, तीही फुकट. पुढाऱ्याचं भाषण आणि डीजे सारखेच, छाती हादरते नि डोक्यात काही उरत नाही. भरिताला वांगं हिरवंच हवं, जांभळं भाजीला. पण डफ घेऊन वही, म्हणजे आमच्याकडची लोकगीतं, गायला बसले की हेच गाव गप्प ऐकायचं. मी फारुख, वेल्डिंगवाला, वीस वर्षं त्यांच्यामागे बसून झील धरतो, त्यांची ओळ मागून उचलतो. मला ते बेसुऱ्या म्हणतात, पण माझ्या जागी दुसरा कोणी कधी बसवला नाही.

नानांच्या घशात गाठ निघाली, ती जळगावला काढली. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी दुकानातच रडलो. पंधरा दिवसांचं मौन संपलं, आता हळूहळू बोललंच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं, त्यालाही आठ दिवस झाले. नाना बोलेनात. आवाज फाटका निघाला तर, ही भीती त्यांनी पाटीवरही लिहिली नव्हती. 'तोंडले कुलूप लावा' म्हणत जन्म काढलेल्या त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना, आता घास गिळवत नव्हता.

गिरणाकाठच्या मळ्यात त्यांनी भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचली, मिरच्या-लसूण घातलं, पहिलं ताट नवऱ्याला दिलं. नानांनी घास घेतला आणि जबडा थांबला.

"टमाटा?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

"भरीतमा टमाटा? आपला घरमा? कोनी शिकाडं तुले?"

आवाज खरखरीत होता, जात्यात खडा गेल्यासारखा. पण नानांचाच!

"मीच टाका, मुद्दाम!" इंदिराबाई हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "तुमनी पाटी वाची वाची मन्हा डोया दुखनात."

मग काय, धरण फुटलं. टमाट्यावरून नाना निवडणुकीवर गेले, तिथून ओल्या काड्यांवर परत आले. आम्ही मान डोलवत राहिलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

निखारे होतेच, त्यांवर मी डफ शेकवून दिला. नानांनी पहिली ओळ उचलली. वर चढताना आवाज तुटला. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा तिथेच तुटली. इंदिराबाई काड्या सारख्या करू लागल्या.

नानांनी डफ माझ्या हातात दिला. मग उठले आणि माझ्या मागे, झीलकऱ्याच्या जागेवर जाऊन बसले.

"म्हन, फारुख. मी शे मांगे."

मी म्हणायला लागलो. दुसऱ्याच ओळीला मागून आवाज आला, "बेसुऱ्या, वर घे!" वळून पाहिलं, तर नाना टमाट्याचं भरीत पुन्हा वाढून घेत होते.