चिंतामणीच्या अपिलाचं गाऱ्हाणं

रविवारची सकाळ. लालबागच्या चाळीतल्या मोरीत दुर्गा चार महिन्यांच्या लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. गिरण्यांचा संप फसला तसा नवरा चंदू घरीच बसून होता. थोरला दीर चिंतामणी तुरुंगात होता, सात वर्षांच्या सक्तमजुरीवर. धाकटा दीर संपाच्या दुसऱ्या वर्षी काविळीने गेला. त्याच्या विधवेवर, नलूवर, चिंतामणीने याच खोलीत अत्याचार केला. दुर्गाने तो डोळ्यांनी पाहिला आणि कोर्टात सांगितलाही.

आता हायकोर्टात अपील होतं. वकिलाने दुर्गासाठी कागद तयार केला होता: 'खोलीच्या वादातून मी खोटी साक्ष दिली.' सही तेवढी राहिली होती.

ती मिळावी म्हणून सासू राधाबाईने देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. कोकणातली रीत अशी, की वडीलधाऱ्याने देवापुढे मागणं मांडायचं आणि सगळ्या घराने होकार भरायचा. तो शब्द मग फिरवायचा नाही. सासरे गावी अंथरुणावर, म्हणून गाऱ्हाणं घालायला चुलतसासरे महादेवकाका आले; शेजारणी दाराशी जमल्या. पाटावर नारळ, विडा आणि तो कागद. नलूला बाहेर गॅलरीत बसवलं. अशा कार्याला विधवा चालत नाही म्हणे. चिंतामणी चालतो.

"बा देवा म्हाराजा, आमच्या चिंतामणीवर जा किटाळ इला हा, ता दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"ज्या कोणी वाकडी जीभ चालवली, तेका सुबुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

चंदूही म्हणाला. दुर्गा लेकीला थोपटत राहिली; तिने होकार भरला नाही.

"जीभ टाळ्याक चिकटली काय गे तुझी?" राधाबाईने विचारलं.

"नाही आई. कोर्टात चालली तेव्हा सरळच होती."

"माझो झील थंय सडता हा. ह्या पांढऱ्या पायाच्या बायसाठी?"

"सडलं ते इथंच, आई. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. जाग्या होतात तुम्ही."

राधाबाईने विडा उचलून पुन्हा मांडला. महादेवकाका खाकरले. "घरातला घरात मिटवूचा असता, पोरी. सही कर. नायतर ह्या खोलीत तुका जागा नाय."

दुर्गाने नवऱ्याकडे पाहिलं. तो नारळाची शेंडी न्याहाळत होता.

तिने लेकीला दुपट्यात गुंडाळलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि पाटावरचा कागद उचलला. "हा सरकारी वकिलांना दाखवते."

गॅलरीत नलू उठून उभी राहिली. "माझ्यापायी तुमचं घर गेलं, वहिनी."

"पोर धर आधी. माझे हात भरलेत. परळला मावशी आहे माझी, तिच्याकडे जाऊ."

त्या जिना उतरल्या. वर महादेवकाकांनी नारळ वाढवला. राधाबाईने खोबऱ्याचे तुकडे केले, शेजारणींनी पदर पुढे केले. नलूचं काय झालं ते मजल्यावरच्या वीसही खोल्यांना ठाऊक होतं.

वीसही खोल्यांत खोबरं पोचलं. एकाही खोलीतून ते परत आलं नाही.