मागे घेतलेला लेख

पांढरा कोट अंगात घातला की ग्रंथपालबाईंना वॉर्डात जाणं नको व्हायचं. कोट दवाखान्यानेच दिला होता. खिशावर 'ग्रंथालय' असं शिवलेलं होतं, पण ते वाचतंय कोण? वॉर्डात शिरलं की एखादा नातेवाईक मागे लागायचाच, "डॉक्टर, आमच्या आईला घरी कधी सोडणार?" मी डॉक्टर नाही हो, असं सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस यायचा. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, डॉक्टर नाही तर इथे काय करताय? त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाही धड देता येत नव्हतं.

त्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची निम्मी हयात गेली होती. नव्या पुस्तकांना क्रमांक द्यायचे, त्यांच्या नोंदी करायच्या, असं शांत काम. चुकलं तर पुस्तक भलत्या कपाटात जायचं, एवढंच. पुढे नियतकालिकांचे छापील अंक यायचे बंद झाले. नोंदी बाहेरून आयत्या तयार होऊन यायला लागल्या. कपाटं तळघरात गेली आणि वाचनकक्षात कॉम्प्युटर आले. एक दिवस मुख्य ग्रंथपालांनी, म्हणजे सगळ्यांच्या साहेबांनी, त्यांना बोलावलं.

"आता डॉक्टर आपल्याकडे यायचे नाहीत, बाई. आपण त्यांच्याकडे जायचं. सकाळच्या राउंडला. पेशंटबद्दल त्यांना काही प्रश्न पडला, की त्यावर जगात कुठे काय संशोधन झालंय ते शोधून द्यायचं."

"आणि माझं टेबल?"

"टेबल कशाला? लॅपटॉप देतो की!"

देवघेवीच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने असलं काही करण्यापेक्षा स्वेच्छानिवृत्ती घेतली. बाईंना ते जमण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधायला त्यांना आवडायचं. एखादा अडलेला संदर्भ सापडला की त्यांचा दिवस छान जायचा. भीती होती ती त्याच्या पुढची. आपण शोधून दिलेल्या कागदावर विसंबून कोणाच्या तरी शिरेत सुई जाणार होती.

घरी मात्र सासरे खूष होते. "आमची सून डॉक्टरांना औषधं सांगते," असं त्यांनी गल्लीभर करून टाकलं. शेजारच्या आजी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या.

"फी घ्यायला लाग," नवरा म्हणाला.

"तुम्हाला चेष्टा सुचतेय," बाई म्हणाल्या, आणि आजींना चहा देऊन त्यांनी खऱ्या डॉक्टरचा पत्ता सांगितला.

त्याच सुमाराला वॉर्डात एक तरुण बाई दाखल झाली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, म्हणून सिस्टर लोकांनी तिचं नाव मासोळी पाडलं होतं. तिला सांध्यांचा जुना आजार होता आणि पोटात पाच महिन्यांचं मूल. दुखणं असं उफाळलं होतं, की तिला केसांतून कंगवाही फिरवता येत नव्हता. तिचे केस तिचा नवराच विंचरायचा. भांग वाकडा पडायचा, आणि ती आरशात बघून म्हणायची, "राहू दे. पोरगं असंच ओळखेल मला."

एक औषध होतं, पण मोठ्या मात्रेत ते बाळाला चालेल का, हा प्रश्न होता. राउंडला मोठ्या डॉक्टरीणबाई बाईंकडे वळल्या.

"यावर काय सापडतं बघा."

बाईंनी शोधलं. चार अभ्यास सापडले. त्यांतला एक चांगला मोठा, बाकीचे किरकोळ. चारही म्हणत होते की बाळाला धोका दिसला नाही. त्यांनी पानभर सारांश करून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला, दोन प्रश्न विचारले आणि औषध सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी मासोळीने स्वतःच्या हाताने वेणी घातली. बाई घरी गेल्या त्या गुणगुणतच.

त्यानंतरच्या दुपारी त्या ग्रंथालयात बसून ते चार लेख संग्रहात टाकत होत्या. मोठ्या अभ्यासाची प्रत त्यांच्या लॅपटॉपवर आधीच्या कुठल्याशा कामासाठी उतरवलेली होती. सारांश करताना त्यांनी तीच वापरली होती. आता नोंद पुरी करण्यासाठी त्यांनी त्या नियतकालिकाचं पान उघडलं. लेखाच्या शीर्षकावर लाल पट्टी होती. लेख मागे घेण्यात आला आहे. आकड्यांचा पडताळा देता आला नाही.

म्हणजे त्या लेखावर आता कोणी विसंबायचं नव्हतं. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. पट्टी तिथेच होती.

पहिला विचार काय आला, ते त्यांनी नंतर कोणालाच सांगितलं नाही. तो असा होता, की हे इथे दुसऱ्या कोणाला कळणार आहे? मासोळीला बरं वाटत होतं. उरलेले तीन लेखही तेच म्हणत होते. पण त्या तिन्हींत मिळून जेमतेम मूठभर बायका तपासलेल्या होत्या. मोठा लेख काढला की त्या पानभर सारांशात दम उरत नव्हता. हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

त्यांनी फोन लावला. डॉक्टरीणबाईंचा फोन बंद. पुन्हा लावला. मग लॅपटॉप तसाच उघडा छातीशी धरून त्या जिन्याने धावत वॉर्डात गेल्या. इन्चार्ज सिस्टर संध्याकाळच्या औषधांचा ट्रे लावत होत्या.

"सिस्टर, मासोळीचं इंजेक्शन थांबवाल का? थोडा वेळच."

सिस्टरांनी वर पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"मीच सांगतेय. मी दिलेल्या माहितीत चूक आहे."

"तुमच्या सांगण्यावर मी थांबवू शकत नाही, ताई. उद्या कोणीही येऊन म्हणेल, थांबवा."

बरोबरच होतं त्यांचं. पलीकडे मासोळी उशीला टेकून बसली होती. बाईंना बघून तिने हात हलवला. सरळ, पुरा वर केलेला हात.

"मॅडम कुठे आहेत?"

"मीटिंगमध्ये. वरच्या मजल्यावर." सिस्टरांनी ट्रेकडे पाहिलं. "मी बाकीच्या बेडना आधी देते. तिचं शेवटी. पण त्याच्यापुढे नाही हं."

मीटिंगच्या खोलीचं दार बाईंनी आयुष्यात कधी ढकललं नव्हतं. आत दहाबारा मोठी माणसं, भिंतीवर आलेख, आणि बोलणारे खुद्द साहेब. विषयही नेमका ग्रंथालयाच्या नव्या सेवेचा. सगळ्या माना वळल्या. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"मॅडम, दोन मिनिटं. पेशंटचं आहे."

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची लाल पट्टी वाचली. त्यांचा चेहरा कठोर झाला.

"हे आधी का नाही पाहिलं?"

"माझ्याकडची जुनी प्रत वापरली. चुकलं माझं."

"चुकलं," त्या म्हणाल्या, आणि बंद फोन चालू करून तिथूनच वॉर्डात लावला. "सिस्टर, संध्याकाळचा डोस देऊ नका. मी येतेच." मग फोन खिशात टाकत म्हणाल्या, "दोन प्रश्न मीही विचारले होते. हा नाही विचारला. चला."

औषध बदललं. नवं होतं ते जुनंच, खात्रीचं, पण धिम्या चालीचं. दोनच दिवसांत मासोळीचे सांधे पुन्हा धरले. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं, काही न लपवता. नंतर बाई बेडपाशी गेल्या तेव्हा तिचा नवरा कंगवा हातात घेऊन उभा होता.

"म्हणजे तुमच्यामुळे सुरू झालं आणि तुमच्यामुळेच थांबलं," मासोळी म्हणाली.

"हो."

"मला बरं वाटत होतं. तुम्हाला कळतंय का? किती दिवसांनी बरं वाटत होतं!"

"मला माफ कर," बाई म्हणाल्या.

"माझ्या बाळाला काही होणार नाही ना?"

"मला नाही सांगता येणार."

मासोळीने तोंड भिंतीकडे फिरवलं. नवऱ्याने बाईंकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं थकून. त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "मला खालचं काम द्या. तळघरातलं द्या. काहीही."

"तळघरात काम नाही, बाई. तिथे कपाटं आहेत," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, पण खालच्या आवाजात बोलत होते. "तुम्ही सोडलंत तर या जागेवर दुसरं कोणी भरणार नाहीत. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तेच चाललं होतं. हे काम आता मशीनला विचारून होईल, असं दोघंतिघं म्हणत होते."

"मग मी चुकले त्याने त्यांना आयतंच कारण सापडलं."

"सापडलंच. आणि चूक सांगायलाही तुम्हीच धावत आलात, तेही त्यांनी पाहिलं. कशाचं वजन जास्त पडेल, मला नाही माहीत."

बाई राउंडला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखाच एक प्रश्न दिला आणि म्हणाल्या, "दुपारपर्यंत हवंय."

"दुपारपर्यंत नाही होणार," बाई म्हणाल्या. आजूबाजूचे शिकाऊ डॉक्टर बघायला लागले. "प्रत्येक लेख मुळापाशी जाऊन तपासायचाय. उद्या सकाळी देते."

"उद्या सकाळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या बेडकडे वळल्या. "आणि कागदावर तुमचं नाव घाला. यापुढे दर वेळी."

म्हणजे आता सुटका नव्हती.

मासोळी पंधरवड्याने घरी गेली. जाताना ती बाईंशी बोलली नाही. पुढचे महिने बाईंचा जीव टांगणीला लागला होता. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, सासऱ्यांच्या गोळ्या काढून देताना मनात तेच घोळायचं. वॉर्डात विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी एकदा लिफ्टपाशी डॉक्टरीणबाईच आपणहून म्हणाल्या, "तुमची पोहणारी बाळंत झाली. मुलगी. थोडी लवकर आली, पण ठणठणीत आहे."

बाईंनी विचारलं, "मग ते औषध... बाधलं नाही?"

"कळायला मार्ग नाही. जेमतेम चार डोस गेले होते. पुरं दिलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं."

"म्हणजे तिने इतकं सोसलं ते फुकटच?"

डॉक्टरीणबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. "कदाचित," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी आपल्याला हे माहीत नव्हतं."

लिफ्ट आली. डॉक्टरीणबाई आत गेल्या. बाई मात्र जिन्याकडे वळल्या, कारण डोळे भरून आले होते आणि लिफ्टमध्ये माणसं होती.