खालचा खण

मित्रांनो, मी एका लिहायच्या टेबलाचा खालचा खण आहे. वरचे दोघे केव्हाच बदलले. जुना असा मीच उरलो. सुताराने मला उरल्यासुरल्या फळीतून बेतलं, म्हणून मी जरा तिरका. स्वभावानेही.

माझे मालक कथाकार होते. गोष्ट लिहून झाली की माझ्यात ठेवायची आणि वर्षभर तिचं तोंड पाहायचं नाही, ही त्यांची रीत. "मुरू दे," म्हणायचे. वर्षाने मला ओढायचे. मी अलगद उघडलो तर गोष्ट छापायला जायची. अडकलो तर "अजून कच्ची आहे" म्हणून परत फिरायचे. संपादकांपेक्षा माझ्यावर विश्वास!

एकदा पुराची गोष्ट ठेवली, तेव्हा माझा तळ तीन दिवस ओला होता. खोटं वाटतं? डाग पाहा. दौत म्हणते, तो शाईचा आहे. तिचं काय ऐकता!

गोष्टी जायच्या, नाव कमवायच्या. मागे मी रिकामा. मग शेवटची आली, एका एकट्या घड्याळजीची. लोकांनी पुन्हा यावं म्हणून तो घड्याळं मुद्दाम अर्धवट दुरुस्त करायचा. आमचं छान जमलं.

वर्ष सरलं. मालकांनी ओढलं. गोष्ट मुरली होती, मला ठाऊक होतं. तरी मी अंग फुगवून घट्ट बसलो.

"बाबा, फळी फुगलीय," लेक म्हणाली. "सुतारकाकांना बोलावू?"

"नको गं. त्याला कळतं. कच्चीच असेल."

असं तीन वर्षं झालं. चौथ्या वर्षी ओढणारा हातच उरला नाही.

टेबल विकायचं ठरलं, तेव्हा सुतार आला. ओढून ओढून घामाघूम झाला. "ताई, हा मेला ऐकत नाही. फोडू का?"

"थांबा काका." तिने बाबांसारखाच माझ्या मुठीवर हात ठेवला. "बाबा गेले रे," ती हळूच म्हणाली. "आता तरी सांग, मुरली का?"

मी सुटलो, तो कागदांसकट थेट तिच्या मांडीवर.

"मघाशी तर जीव काढत होता!" सुतार म्हणाला.

पुस्तक निघालं. सगळ्यांनी पाहिलं, एक मालक सोडून. टेबल मात्र लेकीने विकलं नाही. माझ्यात आता काहीच नसतं.

मित्रांनो, सोबत हवी असेल तर सरळ मागा. कुणाची गोष्ट अडवून धरू नका. देवाने खणाला एक तोंडच तेवढं दिलंय, आणि मी नेमकं तेच मिटून बसलो.