विटांसाठी बुडवलेली गावं

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे, आणि माझ्या आयुष्यातला एक दीड महिना आठवला की आजही मला किळस येते.

मी खोक्यातून बाहेर आलो तो वसमतला, संतरामबाबांच्या घरी. बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची लेक प्रियदर्शनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी प्रयत्न करत होती. मला तिच्या लॅपटॉपला जोडलं होतं. दुपारी तिचा अभ्यास उरकला की बापलेक शहर वसवायचा एक खेळ खेळत.

त्या खेळात दर वेळी नवी नदी आणि नवी जमीन मिळे. घरं बांधायची, कोठार उभारायचं, बांध घालायचा. मग पूर येई. एकामागून एक सात पूर. शहर बुडालं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाबा तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेले. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते तसं पाणीही बाहेरच्या काठालाच मारतं, तिथं घरं नकोत, असं ते लेकीला समजावत. ती ऐकत नसे. शहर बुडे, मग दोघं हसत आणि भांडत. प्रत्येक गावाला ते नाव देत. माझ्यावर कधी बाबांचा हात असे, कधी तिचा. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे प्रियदर्शनीला सेनगावच्या एका शाळेत नोकरी लागली. रुजू व्हायला दीड महिना उरला होता. नेमका तेव्हाच बाबांना विटांचा नाद लागला.

बुडालेल्या प्रत्येक शहरामागे खेळ थोड्या विटा देई. त्या साठवून पक्की भिंत घ्या, मोठं कोठार घ्या; ते पुढच्या प्रत्येक डावात आयतं मिळे. सुरुवातीला मलाही वाटलं, बरी मदत आहे. पण सातवा पूर इतका दांडगा ठेवला होता की त्या आयत्या भिंतींशिवाय तो पेलणारच नाही. खेळाचीच ती लबाडी होती.

बाबांनी वाट शोधली. नदीच्या तोंडावर चार झोपड्या टाकायच्या, पूर येऊ द्यायचा, विटा गोळा करायच्या. पुन्हा चार झोपड्या. पडद्यावरची माणसं ओरडत पळत, म्हणून त्यांनी आवाज बंद केला. चिवड्याचं तेल लागलेला, घामेजलेला हात सकाळपासून माझ्यावर. रोज त्याच चार जागा, तेच बटण. त्या बोटांत विचार नव्हता. माझं बटण झिजलं याचं मला दुःख नाही. असल्या कामासाठी झिजलं, याची शिसारी येते.

प्रियदर्शनी दोन-तीनदा शेजारी येऊन बसली आणि उठून गेली. एकदा मात्र तिनं विचारलं, "बाबा, काहून बुडवून राहिलात गावं?"

"पक्की भिंत पायजे. ती आली की मग खेळू दोघं."

"मग आता काय करून राहिलात?"

बाबांनी पुढची झोपडी टाकली.

ती जायच्या आदल्या दिवशी सगळ्या भिंती मिळाल्या. बाबांनी घरं कशीही टाकली, कोठार सखल जागी, वळणाच्या बाहेरच्या काठाला. सातवा पूर आला आणि भिंतीला धडकून निघून गेला. शहर वाचलं. बाबांनी लेकीला हाक मारली. ती बॅग भरता भरता आली, पडद्याकडे पाहिलं.

"नाव काय ठेवलं गावाचं?"

"न्हाई ठेवलं," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्यावरचा हात उचलला आणि धोतराला पुसला, घाणीत गेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ते लेकीला जीपपर्यंत सोडून आले. जुना लॅपटॉप ती घरीच ठेवून गेली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन महिने मी धुळीत पडून होतो. मग सुट्टीत ती आली, त्या सकाळी त्यांनी मला कापडानं पुसलं आणि खेळातली सगळी कमाई स्वतःच्या हातानं मिटवली. दुपारी बापलेक बसले. शहर दुसऱ्याच पुरात वाहून गेलं, आणि चूक कुणाची यावर चहा गार होईपर्यंत वाद चालला.

मित्रांनो, माझी वायर पिळू नका, मला पुसत जा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठी विनंती ही, की ज्यात तुमचं मन नाही अशा कामाला मला जुंपू नका. माझं बटण बाजारात नवं मिळेल. बाबांचा तो दीड महिना कुठल्याच दुकानात मिळत नाही.