पाठीला लावलेला दिवा

मी जीपच्या पाठीमागचा दिवा बोलतोय. पुढच्या दिव्यांचं कौतुक सगळेच करतात, आज जरा माझं ऐका. फार वेळ घेणार नाही, बोलायचं त्राणही आता उरलेलं नाही. पितळ काळवंडलंय, काचेला चीर गेलीय आणि खरं सांगू, मला कंटाळा आलाय. पण एका म्हाताऱ्याची गोष्ट माझ्याजवळ राहिलीय. ती कुणाला तरी सांगावी आणि मग सुखानं भंगारात जावं, एवढंच मनात आहे.

जन्मानं मी मागचा नव्हे हो! मी आणि माझा जोडीदार विलायतेहून आलो ते ग्वाल्हेर दरबारच्या मोटारीचे पुढचे दिवे म्हणून. काय आमचा थाट! रस्ता आधी आम्ही बघायचो, मग आतली बडी मंडळी. रोज सकाळी आम्हाला घासूनपुसून लख्ख करायचे. ते दिवस आठवले की अजून जीव हुळहुळतो.

दरबारच्या त्याच मोटारखान्यात तात्या गर्दे जमादार होते. गाडी मागे घेताना पाठीशी उभं राहायचं, हे त्यांचं काम. तुम्ही हसाल, पण उज्जैनला त्या कामाला फार किंमत होती. तिथला राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कुणी राजानं तिथं रात्र काढायची नाही असा रिवाज. त्यामुळे दरबारची स्वारी दर्शनाला आली की दिवस मावळता मावळता सगळ्या मोटारी वळवून शहराबाहेर काढायची घाई उडायची. गल्ल्या अरुंद, माणसांची ही गर्दी, मध्येच बसलेल्या गाई. अशा धांदलीत तात्या हातात कंदील घेऊन मोटारीच्या मागे उभे राहायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा आपल्याकडे हलवत म्हणायचे, "आने दो, आने दो, आने दो... बस!" त्यांनी 'बस' म्हटल्यावर चाक बोटभरही हललेलं त्यांना खपायचं नाही. ड्रायव्हर लोक डोळे मिटून त्यांच्या आवाजावर गाडी मागे घेत.

मग देश स्वतंत्र झाला. संस्थानं विलीन झाली, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. मोटारखाना मोडला आणि आमची मोटार गेली भंगारात. तात्यांनी साहेबांना विनंती करून आम्हा दोघांना मागून घेतलं, जुन्या उपरण्यात गुंडाळलं आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या घरी नेऊन ट्रंकेत ठेवलं. त्यांची नोकरीही तिथंच संपली. दिवसभर ते पडवीत बसून असत. येणारा-जाणारा "काय तात्या, बरं आहे ना?" म्हणे आणि उत्तर न ऐकताच पुढे जाई.

त्यांचा मुलगा श्रीधर नव्या सरकारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर फिरायला खात्यानं त्याला लढाईतली उरलेली एक जीप दिली. ड्रायव्हर काही मिळाला नाही, तेव्हा चालवायची त्यानंच. घर गल्लीच्या टोकाला, तिथं गाडी वळायला जागा नाही. म्हणून रोज संध्याकाळी जीप उलटी आत आणावी लागे. मागे ताडपत्री, त्यातून श्रीधरला ढिम्म दिसत नसे. जीपला मागे उजेड म्हणाल तर एक मिणमिणता लाल ठिपका!

झालं, तात्यांना काम मिळालं! उन्हं कलली की त्यांची लगबग सुरू. कंदिलाची काच पुसायची, वात कापायची, खुंटीवरची काळी टोपी चढवायची. हॉर्न वाजला की म्हातारा ताठ कण्यानं गल्लीत उभा. "आने दो, आने दो... बस!" आणि जीप अशी बरोब्बर फाटकात. नंतर जेवताना ते सुनेला म्हणत, "सूनबाई, आज जरा स्टिअरिंग चुकलंच होतं याचं. मी होतो म्हणून ठीक." वासंतीवहिनी हसून त्यांना अजून एक पोळी वाढायच्या.

पण तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सांगतील तर शपथ! एका संध्याकाळी त्यांना जीपचा अंदाजच आला नाही. ते "आने दो" म्हणत राहिले आणि जीपनं त्यांनाच फाटकाच्या खांबाकडे ढकललं. कंदील फुटला, कोपर सोलवटलं. "माझाच पाय घसरला," म्हणत ते उठले. वहिनी मात्र स्वयंपाकघरात नवऱ्यापुढे रडल्या.

"अहो, हे बंद करा. एखाद दिवशी तुमच्याच हातून काही होऊन बसेल."

"बंद कसं करू? तेवढंच तर उरलंय त्यांना."

"मग मागे उजेड तरी करा."

अशी ट्रंक उघडली गेली. आम्हाला बघून तात्या उखडलेच. "पुढचे दिवे पाठीला? अरे, उद्या टोपी पायात घालशील!" पण सुनेचा उतरलेला चेहरा बघितला आणि म्हणाले, "ने बाबा. तुमचं राज आहे."

फ्रीगंजातला माणिक मिस्त्रीही चक्रावला. "बाबूजी, ये तो आगे के हैं!" तरी त्यानं स्टेपनीच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून आम्हाला नटबोल्टांनी कसलं, तळातून वायर पुढे नेली आणि स्टिअरिंगपाशी आमचं वेगळं बटण बसवलं. दरबाराच्या पुढे चालणारे आम्ही, आता मागच्या चिखलाचे धनी झालो. सांगू कुणाला?

पहिल्या संध्याकाळी श्रीधरनं बटण दाबलं आणि अख्खी गल्ली उजळली. तात्या नवा कंदील घेऊन उभेच होते, पण आमच्या उजेडात त्यांच्या कंदिलाची ज्योत दिसेना. एकदा "आने दो" म्हणाले आणि गप्प झाले. श्रीधर बाजूनं मान बाहेर काढून, नीट बघत, आपला आपण जीप आत घेऊन आला. तात्यांनी कंदील फुंकला. "आज भूक नाही, सूनबाई," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवसापासून टोपी खुंटीवरच. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं तर बंदच. मी बाहेरून, घराच्या खिडकीतून हे बघत होतो. मला माझ्या उजेडाची लाज वाटत होती.

शेवटी एकदा श्रीधरनं गल्लीच्या तोंडाशीच जीप थांबवली आणि हॉर्नवर हॉर्न वाजवले. "तात्या, अहो तात्या! मिस्त्रीनं काय खाक वायरिंग केलंय, दिवे लागतच नाहीत! गाडी फसलीय, या बघू जल्दी!"

आम्ही ठणठणीत होतो बरं! पण म्हातारा टोपी चढवत असा धावत आला म्हणता! "मी म्हटलं नव्हतं? खानदानी दिवे आहेत, पाठीला बांधलेस, रुसणारच! चल, आने दो!"

त्या दिवसापासून हेच चाललं. गावाबाहेर, नाल्याकाठी जीप मागे घ्यायची असली की आम्ही पेटायचो. आमच्या गल्लीत मात्र बटणाला हात लागत नसे. श्रीधर मुंगीच्या चालीनं मागे यायचा, वहिनी तुळशीला दिवा लावायच्या निमित्तानं फाटकात येऊन तात्यांवर नजर ठेवायच्या. आणि आम्ही अंधारात मुकाट. दिव्याला असं बसवून ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. पण आतून तात्यांचं "सूनबाई, अजून एक पोळी" ऐकू आलं की मी माझा राग गिळायचो.

पुढे एका दसऱ्याला तात्यांनी आम्हाला चिंच लावून स्वतः घासलं, झेंडूची माळ घातली. श्रीधर आंघोळीला गेला होता. तात्या सहज जीपमध्ये बसले, चाचपडत त्यांचं बोट बटणावर गेलं. आणि आम्ही पेटलो! काय करणार, दाबलं की पेटणं एवढंच आम्हाला येतं. तात्यांनी बाहेर वाकून मागच्या उजळलेल्या भिंतीकडे बराच वेळ बघितलं. मग बटण बंद केलं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि उतरले. संध्याकाळी कंदील घेऊन रोजच्यासारखे गल्लीत उभे. घरात कुणालाही ते काही बोलले नाहीत.

मग छप्पन साल आलं. राज्यांची पुन्हा वाटणी झाली. मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश आला, आणि खात्याचं बाड निघालं भोपाळला. जीप जाणार, श्रीधर जाणार. "मी महाकाल सोडून कुठे येऊ?" तात्या म्हणाले. वहिनी त्यांच्यापाशी राहायच्या ठरल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जीप शेवटची गल्लीत आली. तात्या कंदील घेऊन आले, पण हात हलवेनात.

"श्रीधर, आज दिवे लाव."

"तात्या, ते तर बिघडलेत..."

"लाव रे. दसऱ्याला बघितलेत मी. कंदिलात आता मला खरंच काही दिसत नाही."

श्रीधर स्टिअरिंगकडे वळला. त्यानं बटण दाबलं. तात्या आमच्या उजेडात येऊन उभे राहिले, टोपी सारखी केली. "आने दो, आने दो... बस!" तोच जुना, मोटारखान्यातला आवाज. चाक बोटभरही पुढेमागे झालं नाही.

पहाटे अंधारात श्रीधर पाना घेऊन आम्हाला सोडवायला बसला. "तुमचे दिवे तुमच्याजवळ असू देत, तात्या."

"राहू दे. तुझ्या पाठीमागे कुणी नको का?"

त्यानं वाकून नमस्कार केला, "येतो" म्हणाला आणि जीपमध्ये बसला. निघताना त्यानं आमचं बटण दाबलं. पुढे जायचं असताना मागचे दिवे कुणी लावतं का? पण त्यानं लावले.

पुढच्या दिव्यांना रस्ता दिसला असेल. मला तात्या दिसले. फाटकात उभे, एका हातात कंदील, आणि दुसऱ्या हाताचा पंजा सवयीनं आपल्याकडे हलतोय. "आने दो... आने दो..." जीप लांब चालली होती आणि म्हातारा तिला जवळ बोलावत होता. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. मी त्यांच्या 'बस'ची वाट बघत होतो. तेवढ्यात गल्लीचं वळण आलं.

ती गल्ली मी पुन्हा पाहिली नाही. श्रीधर सुटीला रेल्वेनं घरी जाई. एकदा तो डोक्याचे केस उतरवून आला आणि जीपच्या मागे येऊन माझ्या काचेवर हात ठेवून उभा राहिला. मला न सांगताच सगळं कळलं.

आता जीप मोडीत निघालीय. मलाही उद्या कुणीतरी उचकटून टाकील. टाका, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी गाडी एकदा मागे घ्या, मला लावा, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पाठीशी उभं करा. त्याच्या तोंडून मला तेवढं एक 'बस' ऐकायचंय. मग विझायला मी मोकळा.